घोडबंदरचा घोडा कोणाचा?

घोडबंदर हे नाव आज ठाणे-मुंबई परिसरात रोज हजारो तोंडी येते, ते बहुतेक वेळा रस्त्यावरच्या कोंडीच्या संदर्भात. ज्या गावावरून या रस्त्याला नाव पडले, ते गाव मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत आहे. ठाण्याकडून आलेली उल्हासची खाडी इथे वळण घेऊन वसईकडे, समुद्राकडे निघते आणि त्या वळणावरच्या टेकडीवर पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला उभा आहे. अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातून आलेले घोडे इथे उतरत, असे परंपरा सांगते. किल्ल्याचा इतिहास आपण सांगतो तो कोणी बांधला आणि कोणी जिंकला असा : आधी पोर्तुगीज, मग १७३७ साली चिमाजी अप्पांच्या साष्टीच्या मोहिमेत मराठे, पुढे इंग्रज. ज्या जनावरामुळे गावाला नाव मिळाले, त्याचे या किनाऱ्यावर पाय टेकल्यानंतर काय होई, हे मात्र क्वचितच विचारले जाते. ते विचारू लागलो की त्याहून मोठा प्रश्न समोर येतो. घोडा माणसावर भरवसा कशामुळे ठेवतो? त्याच्यासाठी मोठी किंमत मोजली म्हणून, कागदावर मालकी आपली म्हणून, की आणखी कशामुळे? या किनाऱ्याचा आणि त्यामागच्या दख्खनचा काही शतकांचा पुरावा एकत्र ठेवला, तर उत्तर बरेच स्पष्ट मिळते. भरवसा तयार करतो तो रोजचा, ओळखीचा, जाणता हात. आणि असा हात घोड्यापाशी कायम राहील हे पाहणे हे मालकाचे खरे काम. ज्यांनी हे ओळखले त्यांनी आहेत ते घोडे जगवण्याची व्यवस्था उभी केली. ज्यांनी पैशाने हे काम टाळता येईल असे मानले, ते वर्षानुवर्षे नवे घोडे विकत घेत राहिले.

घोड्यांच्या या व्यापाराचा एक ठोस उल्लेख खुद्द ठाण्याचा आहे. तेराव्या शतकाच्या अखेरच्या ठाण्याबद्दल मार्को पोलोने लिहून ठेवले आहे की, इथला राजा समुद्रावरच्या चाच्यांना थारा देतो आणि त्यांच्याशी त्याचा करार ठरलेला आहे : लुटीतला बाकी सगळा माल चाच्यांचा, घोडे मात्र एकूण एक राजाचे. कारणही त्याने दिले आहे. राजाकडे स्वतःचे घोडे नव्हते आणि हिंदुस्थानकडे येणारे एकही जहाज घोड्यांशिवाय येत नव्हते. हे घोडे कसे येत, तेही पोलोने पाहिले होते. होर्मुझची गलबते काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून केलेली असत. त्यांना वरची तक्तपोशी नसे. माल भरला की त्यावर कातडी पसरत आणि त्या कातड्यांवर घोडे उभे करत. १३२० नंतरच्या एक-दोन वर्षांत फ्रान्सिस्कन साधू ओदोरिक अशाच शिवलेल्या गलबतातून होर्मुझहून ठाण्याला आला. त्याला २८ दिवस लागले. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या म्हणजे घोड्याचा प्रवास डोळ्यांसमोर येतो. सुमारे महिनाभर हलत्या मालाच्या ढिगावर, उन्हात, मोजक्या पाण्यावर उभे राहायचे. कळप सुटलेला, माणसे बदललेली, पायाखालची जमीन नाहीशी झालेली. असा घोडा खाडीत उतरवला जाई तेव्हा ओळखीचे म्हणावे असे त्याच्याजवळ काहीच उरलेले नसे.

पुढे काय होई, याबद्दल दक्षिणेतला पुरावा सर्वांत बोलका आहे. पांड्यांच्या राज्यात, म्हणजे तेव्हाच्या माबरमध्ये, राजे दरवर्षी हजारो घोडे घेतात आणि वर्ष संपता संपता त्यातले शंभरही उरत नाहीत, असे पोलो सांगतो. घोड्यांची निगा कशी राखायची हे तिथे कोणाला ठाऊक नव्हते आणि घोड्यांचे वैद्य तिकडे जाणार नाहीत याची काळजी व्यापारीच घेत, असे त्याचे म्हणणे. जवळपास त्याच काळाबद्दल लिहिणारा फारसी इतिहासकार वस्साफ अधिक तपशील देतो. आलेल्या घोड्यांना भाजलेले जव आणि लोण्यात परतलेले धान्य चारत, तापवलेले दूध पाजत, दोरखंड आणि मेखांनी चाळीस दिवस तबेल्यात जखडून ठेवत, म्हणजे ते लठ्ठ होतील. मग कसलेही शिक्षण न देता शिपाई त्यांच्यावर बसत आणि थोड्याच काळात चपळ घोडे मंद आणि निकामी होत. इराणच्या आखातातल्या किश बेटावरच्या व्यापाऱ्यांशी झालेल्या करारात एक अट होती : घोडा वाटेत मेला तरी त्याची किंमत राजाच्या खजिन्यातून मिळेल. दोन शतकांनंतर विजयनगरबद्दल लिहिताना पोर्तुगीज फर्नांव नुनिश हीच प्रथा सांगतो. साळुव नरसिंह राजाच्या काळी समुद्रात मेलेल्या घोड्याचे नुसते शेपूट आणून दाखवले तरी जिवंत घोड्याइतके पैसे मिळत. या सौद्याचे राजकारण समजण्यासारखे आहे, कारण घोडे शत्रूच्या हाती जाऊ नयेत ही त्यामागची चिंता होती. पण त्याचा परिणामही उघड आहे. शेपटाला पूर्ण भाव मिळत असेल, तर गलबतावर घोड्याला पाण्याचा एक घोट जास्त पाजण्याचे कारण कोणालाच उरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की घोडे हवेने मेले, हयगयीने नव्हे. कोकणचा आणि दक्षिण किनाऱ्याचा दमटपणा, पावसाळ्यातला चिखल, खुरांचे विकार, माशांमधून पसरणारे रोग हे सगळे खरे आहे. कोरड्या प्रदेशात वाढलेल्या घोड्याला ते बाधणारच. शिवाय पोलो परका होता, त्याने ऐकीव आकडे फुगवले असतील, हेही मान्य करता येईल. पण पोलो, वस्साफ आणि नुनिश हे तीन वेगळ्या देशांचे, वेगळ्या हेतूंचे लेखक आहेत. त्यांच्या आकड्यांत कितीही अतिशयोक्ती असली, तरी दरवर्षी पुन्हा पुन्हा मोठी खरेदी होत होती याबद्दल त्यांचे एकमत आहे. लढाईतली हानी आणि चांगली पैदास न होणे ही त्याची कारणे होतीच. तरीही वस्साफने सांगितलेल्या त्या चाळीस दिवसांचा दोष हवेवर ढकलता येत नाही. समुद्रावरून आलेल्या भेदरलेल्या जनावराशी ओळख करून घ्यायला तेवढे दिवस हाताशी होते आणि ते त्याला बांधून लठ्ठ करण्यात गेले. हवा बदलता येत नाही. पण त्या हवेत कोणता चारा पचतो, ओल कशी टाळायची, खूर केव्हा पाहायचे हे शिकता येते. आणि ते शिकतो तो घोड्यापाशी रोज असणारा माणूस, खजिन्यातून पैसे देणारा नव्हे.

असा रोज घोड्यापाशी राहिलेला एक माणूस आपल्याच मुलखातून गेला आणि त्याने टिपणे ठेवली. रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन १४७० च्या आसपास एक घोडा घेऊन समुद्रमार्गे चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. त्याचे सगळे भांडवल त्या एका घोड्यात होते. जुन्नरच्या खानाने घोडा हिसकावला आणि धर्म बदललास तरच परत देईन असे बजावले. एका खुरासानी मुसलमानाने रदबदली केली तेव्हा तो परत मिळाला. पुढे निकितिनने घोडा बीदरकडे नेऊन विकला. भावनेची भाषा त्याच्या टिपणांत घोड्याबद्दल नाही. पण इथे घोड्यांना वाटाण्यासारखे कडधान्य आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी चारतात, हे त्याने बारकाईने नोंदवले, कारण ते त्याला रोज करावे लागत होते. परक्या देशातला पावसाळा तो घोडा त्याच्या हाताखाली काढू शकला, ही गोष्ट माझ्या मते महत्त्वाची आहे. ज्या मुलखात शेकड्यांनी घोडे दगावत, अशी ख्याती होती, तिथे एकाच माणसाच्या देखरेखीखालचा घोडा तगला. एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही. पुढचा मराठी पुरावा मात्र त्याच दिशेने जातो.

तिकडे वळण्याआधी घोड्याचा स्वभाव पाहायला हवा, कारण इतिहासातल्या व्यवस्था त्या स्वभावाला धरून किंवा त्याच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. घोडा हे कळपात राहणारे आणि स्वतः कोणाचे तरी भक्ष्य असणारे जनावर. त्याला जवळजवळ सगळ्या बाजूंचे दिसते, फक्त कपाळासमोरची आणि शेपटीमागची चिंचोळी जागा दिसत नाही. म्हणून जाणता मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा, खांद्याच्या बाजूने, आवाज देत जवळ जातो, मागे जायचे असेल तर हात पाठीवरून न उचलता जातो. खरारा करताना मानेच्या मुळाशी, खोगिराच्या जरा पुढे जो उंचवटा असतो, तिथे घोडा मान सैल सोडतो, ओठ लोंबू देतो. कळपातले घोडे एकमेकांना नेमके तिथेच खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवरचा १९९३ चा अभ्यास सांगतो की त्या जागी खाजवल्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवले की घोडा ओळखीच्या माणसाचा आवाज त्या माणसाच्या रूपाशी जुळवून पाहतो. म्हणजे माणूस त्याच्या लेखी वेगळा, नावानिशी ओळखावा असा असतो. मोतद्दारांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. ग्रीक लेखक झेनोफोननेही सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी लिहिले आहे की भूक, तहान आणि माश्यांचा त्रास यांची आठवण शिंगराला एकटेपणाशी जोडता यावी, आणि खाणे, पिणे व आराम यांची माणसाशी. ते घडवणे त्याने घोडा सांभाळणाऱ्या नोकराकडेच सोपवले आहे. मालक पुढे स्वार होईल. पण ज्या भरवशावर तो स्वार होणार, तो आधी दुसऱ्याच्या हातांनी तयार झालेला असतो.

आता शिवकाळातली पागा पाहू. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत फौजेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर, म्हणजे पागेच्या घोड्यावरच्या स्वारांवर, एक हवालदार आणि त्यांच्या घोड्यांमागे पाण्याची पखाल वाहणारा व नालबंद नेमलेला. पावसाळ्यात फौज छावणीला परतण्याआधी तिथे दाणा, वैरण, औषधे आणि घोड्यांसाठी गवताने शाकारलेल्या पागा तयार ठेवायच्या, असा शिरस्ता. दसऱ्याला पुन्हा मोहीम. पखाल वाहणारा आणि नालबंद या दोन पदांकडे लक्ष द्यावे. लढाईच्या वर्णनात ती कधी येत नाहीत, पण पाणी आणि खूर या घोड्याच्या दोन रोजच्या गरजा आहेत आणि त्या कोणाच्या मर्जीवर न सोडता माणसे नेमून भागवल्या आहेत. माबरच्या राजाने किंमत मोजली. इथे वर्षाचे बारा महिने मोजले आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रातल्या अश्वाध्यक्षाच्या प्रकरणातही तबेल्याची रचना, रोजचा शिधा आणि उपचारात चूक झाल्यास वैद्याला होणारा दंड ठरवून दिलेला आहे. म्हणजे घोड्याची निगा ही राज्याने जबाबदारी ठरवून करायची गोष्ट आहे, हा विचार आपल्याकडे नवा नव्हता. तो पाळला जातो की नाही, इतकाच प्रश्न होता.

तो पाळला जावा म्हणून किती बारीक लक्ष लागे, याचा पुरावा शिवाजी महाराजांचे चिपळूण भागातल्या छावणीला गेलेले, १६७० च्या दशकातले पत्र देते. जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना उद्देशून ते आहे. पावसाळा तोंडावर आहे. साठवलेला दाणा आणि गवत आत्ता मन मानेल तसे उधळले, तर भर पावसात काही मिळणार नाही, घोड्यांना उपास पडतील, ते मरू लागतील आणि मग ते तुम्हीच मारले असे होईल, असा त्या पत्राचा आशय आहे. दाणा संपला म्हणून कुणब्यांच्या घरी हात घातला, तर रयत तुम्हाला शत्रूहून वाईट समजेल, हीही ताकीद आहे. पुढे तर गवताच्या गंजीजवळ चूल किंवा चिलीम नको, रात्री दिवा जळता ठेवू नये, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथवर सूचना जातात. या पत्राकडे सहसा रयतेच्या काळजीचा पुरावा म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. घोड्यांच्या बाजूने वाचले तर त्यात आणखी एक तत्त्व दिसते. उपासमारीने मेलेल्या घोड्याचा दोष हवेवर, नशिबावर किंवा पावसावर टाकायची सोय लिहिणाऱ्याने ठेवलेली नाही. ज्याच्या हाती दाणा, त्याच्या माथी मृत्यू. शेपटाला भाव देणाऱ्या दरबाराच्या हे नेमके उलट टोक आहे. आणि पत्र कोकणातल्या पावसाळ्याबद्दलच आहे, त्यामुळे हवेच्या आक्षेपालाही त्यात उत्तर आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : घोडा स्वतःचा असेल तरच माणूस त्याला जीव लावतो, सरकारी घोड्याला कोण लावणार? मराठी फौजेत याची जणू कसोटीच झाली, कारण तिथे दोन्ही प्रकार शेजारी होते. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई. बारगिराला पागेचा घोडा मिळे. शिलेदार घोड्याला जपे यात शंका नाही. पण घोडा हेच त्याचे भांडवल होते. तो पडला की त्याची रोजी बुडे आणि भरपाईची खात्री नसे. त्यामुळे अठराव्या शतकात शिलेदार ऐन लढाईत घोडा पुढे घालायला कचरतात, ही तक्रार होत राहिली. मालकीतून जपणूक आली, पण ती मालमत्तेची जपणूक होती. सभासदाच्या म्हणण्याप्रमाणे महाराजांनी बळ पागेला दिले आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली ठेवले. यात बंडाची धास्ती होती, तसा हिशेबही होता. बारगिराचा घोडा त्याच्या नावावर नव्हता, पण त्याच घोड्यावर तो मोसमभर बसे, त्याच्या दाण्यापाण्याची हमी वर होती आणि हयगयीची झडती हवालदार घेई. मालकी काढून घेऊनही सहवास आणि जबाबदारी ठेवता येते, हे या रचनेने दाखवले. उलट सहवास नसलेली मालकी कितीही महागडी असली तरी घोड्याच्या लेखी ती नसल्यासारखीच असते, कारण मालकीचा कागद त्याला कळत नाही, हात कळतो.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे. त्या काळचे घोडे आगाडी-पिछाडीने बांधलेले असत, लगाम कठोर असत, लढाईत ते हजारोंनी मारले जात. अशा नात्याला भरवसा म्हणणे ही आजच्या मनाची भर आहे, असे कोणी म्हणेल. त्यातली क्रूरता नाकारता येत नाही आणि नाकारूही नये. पण भरवसा आणि लाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोफेच्या आवाजात घोडा जागेवर उभा राहतो, त्याला दोनच कारणे संभवतात : स्वाराचे भय किंवा स्वारावरचा विश्वास. भयाने उभा केलेला घोडा दुसरे मोठे भय समोर आले की पहिले विसरतो आणि उधळतो. विश्वासाने उभा असलेला घोडा आवाजाचा अर्थ स्वाराच्या मांडीकडून आणि लगामाकडून घेतो. राणी लक्ष्मीबाईंबद्दल लोकपरंपरेत सांगतात की १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ ओढ्याच्या काठी त्यांचा नवा घोडा अडला आणि घात झाला. ती कथा इतिहास म्हणून किती खरी, हा वाद बाजूला ठेवला तरी लोकांनी त्या आपत्तीचे कारण म्हणून घोड्याच्या नवखेपणाकडे बोट दाखवले, हे पुरेसे बोलके आहे. घोडा चांगल्या अश्वपरीक्षक राणीचा होता, पण सवयीचा झाला नव्हता. युद्धाच्या त्या जगालाही हा फरक नीट कळत होता.

हा इतिहास संपलेला नाही, म्हणून त्यातून काही घ्यायचे असेल तर ते आजच्या मालकांनी आणि आपण सर्वांनी घ्यायला हवे. मुंबईतली व्हिक्टोरिया ही घोडागाडी २०१५ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर गेली. माथेरानला घोडा आजही कितीतरी घरांचा आधार आहे. धनगरांच्या वाटचालीत टिकलेल्या भीमथडी घोड्याला अलीकडे देशी जात म्हणून राष्ट्रीय नोंदणीत स्थान मिळाले. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत मागितलेल्या आणि मोजलेल्या किमतींच्या बातम्या होतात. पण या सगळ्या चर्चेत घोड्याचा भाव, जात आणि दिमाख येतो. त्याला पहाटे चंदी देणारा, खूर उचलून पाहणारा, खरारा करणारा माणूस येत नाही. तो बहुधा सर्वांत कमी पगाराचा, सर्वांत लवकर बदलला जाणारा असतो, आणि मग नवा हात आला की घोडा चावतो, लाथ मारतो, बुजतो तेव्हा दोष घोड्याला लागतो. घोड्याशी नाते जोडू पाहणाऱ्या मालकापुढे दोन रास्त मार्ग आहेत. एक तर रोजचे काम स्वतःच्या हाताने करावे. ते जमत नसेल, तर करणाऱ्याला चांगला पगार, शिक्षण आणि मान देऊन वर्षानुवर्षे टिकवावे, आणि त्याने जोडलेल्या ओळखीत स्वतः नियमाने, धीराने सामील व्हावे. तिसरा मार्ग, म्हणजे किंमत मोजून भरवसा गृहीत धरण्याचा, या किनाऱ्याने शतकानुशतके वापरून पाहिला आणि त्याची किंमत घोड्यांनी जिवाने चुकवली. घोडबंदरच्या किल्ल्याची माहिती लिहिताना तटबंदी आणि विजयाच्या सनावळीबरोबर गलबतावरचे ते २८ दिवस, पखाल वाहणारा आणि नालबंद यांनाही जागा मिळाली पाहिजे. गावाचे नाव घोड्यावरून पडले असेल, तर त्या घोड्याला जगवणाऱ्यांचा हक्क त्या इतिहासावर जिंकणाऱ्यांपेक्षा तसूभरही कमी नाही.